समुद्राच्या गोड्या पाण्याचं बिल

आधी एक दुरुस्ती. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पाचा सगळा खर्च सरकार करणार, असं मी रविवारी इथे लिहिलं होतं. ते चूक होतं. सरकारी पैसा फक्त उभारणीला आहे. प्रकल्प चालवायला लागणाऱ्या विजेचा खर्च आपल्या पाणीपट्टीतून वसूल होणार आहे.

हे आज पनवेलच्या जनसुनावणीत कळलं. सोबत माझी आत्या होती. ती खाडीकाठच्या गावात मासळी विकते. बेरीज-वजाबाकी मला शाळेआधी तिनेच शिकवली. तिचं गाव पाणीपट्टी भरतं आणि टँकरचं पाणी पितं.

सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, "विकास हवा तर थोडा हातभार लावावा लागतो."

आत्या उठली. "हातभार लावू की साहेब. पन आमच्याकडं नल कदी लावताय, ते नाय सांगितलंत."

सभागृह हसलं. साहेबही हसले. "तुमचं गाव या टप्प्यात नाही, मावशी. दरवाढ मात्र सगळ्यांना."

माझं डोकंच फिरलं. ज्यांच्या घरी त्या पाण्याचा थेंबही येणार नाही, त्यांनी त्या विजेचे पैसे का भरायचे? आणि यात हसण्यासारखं काय होतं?

तुम्हाला हे पटतं का? नसेल तर सोबत या. लेखी हरकत द्यायला आत्या आणि मी येत्या बुधवारी सकाळी पनवेलला जातोय.