हरभऱ्याचं लोणी आन् चाऊसचाचाची शिशी

गोदामात थप्पीतलं खालचं पोतं वढलं की वरची चार अंगावर येतात. किश्श्यांचं बी तसंच हाय. एक सांगाय बसावं, तर त्याच्या वरचे चार घसरून येतात. आळंदच्या मोंढ्यात, म्हंजे धान्याच्या बाजारात, बसलिंगप्पा सावकाराच्या गोदामात मी वीस सालं तुरीची पोती उचलली. निजामाचं राज होतं तवाची गोष्ट. तुरीचं काय इचारू नका मला, किस्से इचारा.

आज हुम्मसचं सांगतो. पर आदी पैज. ह्या गोष्टीत शेवटाला एका माणसाला किंमत मोजावी लागली. कुणाला आन् कसली, हे जो अदुगर वळखंल त्याला माझी तंबाखूची चंची बक्षीस. लई जणांनी तोंड वासलं. चंची अजून माझ्याच कमरेला हाय.

*

गोदामाच्या देवडीवर राखणीला एक अरब होता, सालेह चाऊस. आम्ही चाऊसचाचा म्हणायचो. दाढी पांढरीफेक, कमरेला वाकडा जंबिया. जंबिया बघून चोर पळायचे आन् चाचा बघून लेकरं गोळा व्हायची, असा माणूस. पर दात गेलते समदे. ज्वारीची भाकरी पाण्यात भिजवून, तोंड वाकडं करून गिळायचा.

एके दिवशी भाकरी गिळता गिळता म्हणला, हजला गेलतो तवा जिद्द्यात तापानं पडलो. शाम मुलखातल्या, म्हंजे सिरियाकडच्या एका माणसानं धा दिवस निस्तं हुम्मस चारून उठिवलं. मरायच्या आदी ती चव एकदा जिभेवर यावी, दुसरं काय बी मागणं न्हाई.

बसलिंगप्पा सावकार लिंगायत, कडक शाकाहारी. तो गादीवरनंच वरडला, "माझ्या गोदामात मटण शिजायचं न्हाई, चाऊस!"

चाचानं बोटावर मोजून दावलं. हरभरा. तीळ. लिंबू. लसूण. शिजवायचं, वाटायचं, लोण्यागत करायचं. वरून जैतूनचं तेल.

सावकार हसाय लागला. म्हणला, पयले चार तर माझ्या अंगणात पडलेत, पर जैतून कुठनं आणणार, आळंदच्या बाजारातनं का?

चाचा उठला, आपली पत्र्याची पेटी उघडली आन् बोटाएवढी शिशी काढली. बुचावर मेण. म्हणला, हे हजहून आणलेलं जैतूनचं तेल. सात सालं जपलंय. हुम्मस बराबर जमलं त्याच दिवशी हे बूच निघंल, तवर न्हाई.

समदे वा वा म्हणले. मी एकटाच पोत्याआड सरकलो.

*

कामून सरकलो ते सांगतो.

त्याच्या दोन सालं अदुगर मी मुडबीला पोरगी बघाय गेलतो. माझे केस म्हंजे धनगराच्या घोंगडीवानी, कसं बी दाबा, उभेच. देवडीत चाचा नमाजला गेलता, पेटी उघडी. मी शिशी घेतली आन् समदी डोक्यावर आन् मिशीवर रिकामी केली. म्हणलं, अरबस्तानातलं तेल, पोरगी येडी होईल. मग शिशीत घाण्यावरचं करडीचं तेल भरलं, मेण तापवून परत लावलं. रंग तोच, वास बी तोच वाटला मला. कुणाला कळणार?

मुडबीला बैठकीत बसलो. पोरीची आत्या पाणी घेऊन आली, जवळ वाकली आन् नाक वर करून म्हणली, "पावणं भजे तळून आले काय? करडीचा वास सुटलाय नुसता."

मी मनात म्हणलं, गावंढळ बाई, हिला जैतून काय ठावं!

तरी बी लगीन जमलं. पर तवापासनं ती शिशी म्हंजे माझ्या मानेवर टांगलेला जंबिया. आता तुम्हीच सांगा, हुम्मस जमू देणं मला परवडणार होतं का?

*

पयल्या खेपेला मला काय करावंच लागलं न्हाई. काशाक्कानं केलं.

काशाक्का म्हंजे गोदामात तूर पाखडणाऱ्या बायांची म्होरकी. सुपात जेवढा जोर तेवढाच जिभेत. तिनं चाचाचं मनावर घेतलं. हरभरा भिजवला, मऊ शिजवला, पाट्यावर लोण्यागत वाटला. चाचा शेजारी उकिडवा बसून बघायला होता. डोळ्यात पाणीच आलं त्याच्या. म्हणला, आता तीळ घाल बेटी.

आन् काशाक्काचा हात आपोआप गेला गुळाच्या ढेपीकडं. हरभरा वाटला की गूळ, हे तिच्या हाताला आईनं शिकवलेलं. डोकं तिथं कुठं आडवं येणार? चाचा "नक्को, नक्को" म्हणेपर्यंत गूळ कालवून झाला, वर इलायची बी पडली.

काशाक्का जीभ चावून बसली. पर टाकायचं कसं? कणीक मळली, पोळ्या लाटल्या, समद्या गोदामानं खाल्ल्या. सावकारानं चार खाल्ल्या.

चाचा पाचवी पोळी मोडत म्हणला, "ये वो नहीं है. तूप है क्या?"

*

दुसऱ्या खेपेला काशाक्कानं गुळाची ढेप कुलपात घालून किल्ली सावकाराकडं दिली. आता चुकायचं कारणच न्हाई. म्हंजे आता मलाच काय तरी करावं लागणार.

तीळ आणाय मला धाडलं. पांढरे तीळ आण म्हणली होती. मी आणले काळे. म्हणलं, बाजारात हेच हायेत. बिचारीनं तेच भाजून वाटले, हरभऱ्यात कालवले. गोळा झाला राखेच्या रंगाचा. पळसाच्या पानावर काढून वट्यावर ठिवला आन् लिंबू आणाय आत गेली.

तेवढ्यात सावकार भायरून आला. पानावर काळ्या तिळाचा गोळा बघून जोडे काढून उभा ऱ्हायला आन् हळूच मला इचारलं, "कुणाचं वर्षश्राद्ध हाय रे बिरू?"

मी काय बोलायच्या आत कौलावरनं एक कावळा उतरला. पानाभवती फिरला, मान तिरपी केली, चोच मारली, अजून एक मारली आन् घास घेऊन गेला.

चाचानं तोंड झाकून घेतलं. काशाक्का लिंबू घेऊन दारात उभी होती, ती म्हणली, "चला, एकाला तरी आवडलं."

*

तिसऱ्या खेपेला तीळ आणाय ती सोता गेली. लिंबं सोता तोडली. मला म्हणली, तू निस्ता बस, हात लावू नगंस.

मी निस्ता बसलो. पर हरभरा लवकर मऊ व्हावा म्हून ती चिमूटभर पापडखार घालायची. ती पाणी आणाय वळली की मी मूठभर घातला. मला वाटलं खारट होईल, चाचा थुकंल, काम झालं.

हरभरा शिजून निस्ता चिखल झाला. काशाक्का खूष. वाटायचं बी काम न्हाई म्हणली. तीळ घातले, लसूण घातला आन् वरून चार लिंबं पिळली.

ते उठलं की हो! फसफस करत फेस वर आला, पातेल्याच्या काठावरनं उतू जाऊन वट्यावर चालाय लागला. पाखडणाऱ्या बाया सुपं टाकून पळाल्या. सावकार गादीवर उभा ऱ्हायला. चाचानं सवयीनं जंबियाच्या मुठीला हात घातला.

काशाक्का हलली न्हाई. फेस बसेपर्यंत बघत ऱ्हायली, मग म्हणली, "चाचा, ह्याला तुम्ही खाण्याअदुगर हे तुम्हाला खाईल."

मी हसून हसून पोत्यावर लोळलो. हसणं संपल्यावर बघतो, तर काशाक्का माझ्याकडं बघायलीय. ती हसत न्हवती. तिनं माझा उजवा हात धरला, वास घेतला, बोटाला लागलेला खार जिभेवर ठिवला.

"कामून करायलास रे असं?" म्हणली. "त्या म्हाताऱ्याचे किती दिस ऱ्हायलेत?"

मी हात सोडवून वटा पुसाय लागलो.

*

चौथी खेप जुम्म्याच्या दिवशी. काशाक्कानं मला तुरीच्या थप्पीवर चढवून बसिवलं आन् शिडी काढून घेतली. वरनं समदं दिसायचं, हात मातुर कुठंच पोचायचा न्हाई.

आदल्या दिवसापासनं भिजलेला हरभरा तिनं शिजवला. फडक्यात घालून चोळला, टरफल न् टरफल काढून टाकलं. पांढरे तीळ जरासेच भाजले, तेल सुटेपर्यंत वाटले. लसणाच्या चार पाकळ्या. मीठ. मग हरभरा पाट्यावर. बाई तासभर वाटतच होती. मधी पाण्याचा हबका, परत वरवंटा. चाचानं जंबिया काढून लिंबं कापली आन् जंबिया मांडीवर ठिवला.

थाळीत काढलं. अगदी लोणी. बोट फिरवलं की बोटाची रेघ उमटायची. वासानं वर बसल्या बसल्या माझ्या बी तोंडाला पाणी सुटलं. त्याच तोंडाला भीतीनं कोरड बी पडायली होती.

चाचानं पेटीतनं शिशी आणली. नखानं मेण काढलं. थाळीवर गोल गोल धार सोडली, शेवटचा थेंब पडंपर्यंत. भाकरीचा तुकडा बुडवला, तोंडात घातला आन् डोळे मिटले.

सावकार बी गादीवरनं खाली येऊन बसलता. चाचा निस्ता जीभ फिरवत बसलाय. मला वरनं त्याच्या मांडीवरचा जंबिया तेवढा दिसायला होता.

माझ्यानं ऱ्हावलं न्हाई. थप्पीवरनंच बोललो, "चाचा, ते जैतून न्हाई. करडीचं हाय. तुमचं तेल मी मुडबीला जाताना डोक्याला लावलं. काळे तीळ बी मीच आणले. खार बी मीच घातला."

काशाक्काचा हात तोंडावर गेला. सावकार जंबियाकडं बघाय लागला.

चाचानं डोळे उघडले. वर बघितलं. म्हणला, "यही है."

मी म्हणलं, काय चाचा?

"यही सवाद है." अजून एक तुकडा बुडवला त्यानं. डोळ्यातनं धार लागलेली, दाढीत जायली होती. खाऊन, बोटं चाटून, मग म्हणला, आता मला दर जुम्म्याला हे लागणार. काशाक्कानं फकस्त सांगायचं. भिजवायचं तू, चोळायचं तू, वाटायचं तू. इथंच वट्यावर बसून, समद्या मोंढ्यासमोर.

काशाक्कानं शिडी लावली. मी उतरलो, आन् त्याच पावली मला तिनं भांडी घासाय बसिवलं.

*

गडी माणूस मोंढ्यात पाट्याम्होरं बसला म्हंजे काय होतं, ते तुम्हाला सांगाय नगं. गाडीवाले बैल थांबवून इचारायचे, "वहिनी, चटणी झाली का?" उमरग्याचा एक येपारी तर तूर घ्यायचं सोडून मलाच बघाय यायचा.

एका जुम्म्याला आमची मुडबीवाली भाकरी घेऊन आली. मी वरवंटा धरून, कपाळावर घाम, मिशीला तीळ चिकटलेले. ती बघत ऱ्हायली. म्हणली, "घरी पाटा कुठं असतो ते तरी ठावं हाय का?" त्याच्या दुसऱ्या दिसापासनं घरची चटणी बी माझ्याकडं आली.

पर खरं सांगतो, हात बसला. दुसऱ्या साली काशाक्का नाव ठिवायची थांबली. तिसऱ्या साली सावकार वाटी घेऊन रांगंत. चाचाच्या गालावर मांस चढलं. जुम्म्याची नमाज झाली की लांबनंच हाक यायची, "बिरूमियाँ, हुआ क्या?" अशी पाच सालं गेली.

मग चाचाची लेक हैदराबादेवरनं आली बापाला न्यायला. गुलबर्ग्याच्या टेशनापर्यंत बैलगाडी केलती. पेटी मीच गाडीत ठिवली. काशाक्कानं वाटेसाठी हुम्मसची वाटी फडक्यात बांधून दिली. चाचानं मला गळ्याला लावलं आन् ती रिकामी शिशी माझ्या हातात ठिवली.

मी शिशी मुठीत धरली. म्हणलं, चाचा, तुमचं हजचं तेल मी वाया घालवलं.

चाचा गाडीत चढला, पाय वर घेतले, जंबिया नीट केला. म्हणला, "मियाँ, जैतून का तेल तो बंबई की गोदी पे ही गिर गया था. शिशी में तो मैंच डाला था, तुमारे आळंद के घाने का करडी."

गाडीवाल्यानं बैल हाकलले.

मी घरी आलो. मुडबीवाली चुलीम्होरं भाकरी थापायली होती. तिला समदं सांगितलं. ती मागं बी वळली न्हाई. भाकरी उलटली आन् म्हणली, "माझी आत्या तवाच बोलली होती."

तर किंमत मोजली ती मी, पाच सालांचे समदे जुम्मे. हे बघा, तळहाताला अजून घट्टा हाय.