ब्रश हरवल्याची नोंद

कीथकाका गेल्याचा फोन त्यांच्या बायकोने, जोनने, केला तेव्हा मी शिफ्टवर होते. रडू नंतर आलं. आधी आला तो संताप. अजून एक महिना थांबले असते तर... पण महिन्याने तरी काय झालं असतं, ते आता कळतंय.

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगमध्ये आमच्या दोन घरांत एकच कुंपण. मी पुण्याहून आले तेव्हा ते पंच्याहत्तरीचे होते. 'काका' म्हणजे काय ते सांगितल्यावर म्हणाले, "नो वरीज. सैन्याने दिलेल्या नंबरापेक्षा बरं." एकोणिसाव्या वर्षी ते सैन्यात होते. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात ब्रिटिश अणुबॉम्बच्या चाचण्या घेत होते आणि स्फोटाच्या जागेवरून परतलेल्या गाड्या धुण्याचं काम त्यांच्याकडे होतं. अंगात हाफ पँट, हातात ब्रश, गुडघ्यापर्यंत लाल चिखल. छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला लावायचा, संध्याकाळी परत करायचा. त्यावर काय आकडा उमटला, हे त्यांना कुणी कधीच सांगितलं नाही.

"मला फक्त तो आकडा हवाय," एवढंच ते म्हणायचे. रक्ताचा कॅन्सर निघाल्यावर तर रोजच. मी हॉस्पिटलमध्ये पेशंटची रेकॉर्ड्स सांभाळते, म्हणून सरकारकडे तो आकडा मागणारे फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं. पहिलं उत्तर आलं: बिल्ल्याची नोंद सापडत नाही, सबब किरणोत्सर्ग नगण्य धरला आहे. सापडत नाही म्हणून नगण्य! मी कामावर असं लिहिलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. दुसरं उत्तर त्याच्यावर कडी करणारं: आपण त्या ठिकाणी होतात याचाच पुरावा नाही.

मी चिडून त्यांची सैन्यातली अख्खी फाइलच मागवली. आठ महिन्यांनी आली. त्यांच्या किचनमध्ये बसून पानं उलटताना एका पानावर त्याच चाचण्यांचा तळ, कीथकाकांचं नाव आणि गुन्हा... गाड्या धुण्याचा ब्रश हरवला. शिक्षा, चार दिवस जादा काम. कसलं? गाड्या धुण्याचंच! काका इतके हसले की खोकल्याने कासावीस झाले. मग पान जवळ ओढलं. "ब्रशची नोंद ठेवली बघ त्यांनी," एवढंच म्हणाले.

ते पान जोडून पुन्हा अर्ज केला. उत्तर आलं ते अंत्यविधीनंतर नऊ दिवसांनी. उपस्थिती मान्य, पुढच्या तपासणीसाठी अर्जदाराने स्वतः हजर राहावं. मी फोन लावला. "ते वारलेत," मी म्हटलं. पलीकडची मुलगी खरंच हळहळली आणि मग चाचरत म्हणाली, "पण अर्ज बंद करायलाही अर्जदाराचीच सही लागते..." मी फोन ठेवला. ओरडणार कुणावर? त्या बिचारीवर?

गेल्या रविवारी जोनकडे गेले. मागच्या पायरीवर काकांचे बूट तसेच होते. आभाळ भरून आलेलं, म्हणून मी ते उचलून आत न्यायला लागले.

"नको!" जोन जवळजवळ किंचाळलीच. मग हळू आवाजात म्हणाली, "लग्न झाल्यापासून त्याने बाहेरचे बूट कधी घरात येऊ दिले नाहीत. आधी अंगणातल्या नळावर पाय घासून धुवायचा... मगच पोरांना उचलून घ्यायचा."

इतकी वर्षं मला वाटायचं, आपल्याकडच्यासारखी सवय असेल. मी बूट पायरीवरच ठेवले आणि त्यांच्यावर एक बादली पालथी घातली.