माझं पाल आणि पोराचं कॅम्पिंग

राम राम मंडळी. डोकं तापलंय, म्हणून ग्रुपवर लिहायलोय.

आमी नवरा-बायको मेंढ्या घेऊन फिरतो. पाल हेच आमचं घर. बोरीच्या शेतकऱ्यानं खतासाठी रानात मेंढ्या बसवायला बोलावलं व्हतं. पण पुण्याहून पोरगा सुनेला-नातीला घेऊन येणार, त्यांना पाल सापडावं म्हणून पेडगावच्या सडकेलाच थांबलो. दोन दिवस मेंढ्या अर्धपोटी. बोरीचं रान दुसऱ्या कळपाला गेलं.

आज आले. नात कोकराला सोडंना.

"आजोबा, हे कुणाचं?"

म्हणलं, "तुझंच. तू जन्मलीस तवा एक मेंढी तुझ्या नावानं ठेवली. तिचंच हे पिल्लू."

म्हातारीनं भाकरी थापल्या. सून म्हणली, "राहू द्या आई, डबा आणलाय."

तासाभरात निघाले. नात रडायली, "मला इथंच झोपायचंय."

पोरगा म्हणला, "इथं कुठं झोपतीस? घरी चल."

ह्याच पालात जन्मलाय तो.

आत्ता फेसबुकला त्यानं टाकलेला फोटो बघितला. पाल, कोकरू, हसणारी नात. वर लिहिलंय, "लेकीसोबत कॅम्पिंग!" आमाला दोघांना कापून टाकलंय. कोकराला धरलेला माझा हात तेवढा राहिलाय.

खाली एकानं विचारलं, "जागा भारी हाय, तिथल्या माणसाचा नंबर द्या." पोरानं लिहिलंय, "पाठवतो."

मंडळी, आता तुमीच सांगा. फोन आला तर काय बोलू? हितला माणूस बोलतोय म्हणू, का त्याचा बाप बोलतोय म्हणू?