हितेंद्रची तिसरी परीक्षा

आमच्या देवपुरातला हितेंद्र शाळेत माझ्या हाताखाली होता. वर्गात शेवटच्या बाकावर बसे आणि घंटा होताच सर्वांत आधी बाहेर पडे. पुढे पंधरा वर्षं त्याने धुळे ते पारोळा काळीपिवळी जीप चालवली. नऊ माणसांच्या जागेत सतरा बसवायचा आणि अठरावा दिसला तर थांबायचा. वाटेतल्या म्हसोबासमोर मात्र कितीही घाई असो, उजवा हात छातीला लावून दोनदा हॉर्न द्यायचा. तो हॉर्न म्हणजे त्याचा नमस्कार.

त्याची बायको नूतन नर्स. तिला आयर्लंडच्या एका लहान गावात नोकरी लागली. मागून हा आणि मुलगी गेले. हितेंद्रला वाटलं, गाडी येते, म्हणजे कामाची चिंता नाही. एका बेकरीवाल्याने सकाळी पाव पोचवायचं काम देऊही केलं, पण आधी तिकडचं लायसन आण म्हणाला. जागा दोन महिने राखून ठेवतो, इतकी सवलत दिली.

नूतनने देवपुरात असताना कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. म्हणजे हितेंद्रने लावू दिला नव्हता. ती तिकडे शिकली आणि पहिल्या फटक्यात पास झाली. हितेंद्र नापास झाला.

फोनवर मी विचारलं, "असं कसं रे?"

"सर, बारा वेळा हॉर्न वाजवला म्हणे. त्यातला एक गाईला."

"गाय आडवी आली होती?"

"नाही. कुंपणाच्या आत होती. पण तिचा काय भरवसा?"

मागून नूतनचा आवाज आला, "आणि रिकाम्या चौकात थांबला नाहीत, तेही सांगा."

"कोणीच नव्हतं सर तिथे. थांबायचं कुणासाठी?"

"सर, यांना येतं तेच आधी विसरायला सांगा," नूतन म्हणाली. "मला काहीच येत नव्हतं, म्हणून मी पास झाले."

महिनाभर तिने त्याला शिकवलं. शेजारी बसून ती "आरसा" म्हणायची, मग हा आरशात बघायचा. आजवर आरशाचा उपयोग त्याने भांग पाडण्यापुरता केला होता. हॉर्नची सवय सुटली. रिकाम्या चौकात थांबून तो डावीउजवीकडे असं बघू लागला, जणू कुणी उधारीवाला येतोय.

दुसऱ्या परीक्षेत अर्धा तास सगळं नीट झालं. मग वळणावर चर्च आलं. हितेंद्रचा उजवा हात आपोआप छातीला गेला आणि हॉर्न दोनदा वाजला. आवारात कुणाला तरी माती देत होते. सगळ्या काळ्या कोटांनी एकदम मान वळवली. परीक्षकाने वहीत बराच वेळ लिहिलं.

आता बेकरीवाल्याच्या मुदतीचे बारा दिवस उरले होते. तिसरी तारीख कशीबशी त्यातच मिळाली. हितेंद्रला भीती रस्त्याची नव्हती, स्वतःच्या हाताची होती. "देवासमोरून तसंच कसं जायचं?" त्याने आईला फोनवर विचारलं.

त्याची आई, धुरपदाअक्का, फोन स्पीकरवर ठेवून ओट्यावर शेंगा सोलत होत्या. मी समोरच होतो. त्या म्हणाल्या, "आदी पायी जाईसन पाया पडी ये. देवले सांगी दे, परीक्षाना येळले हात गुतेल राहतीन."

"आई, तो देव आपला नाही."

"परीक्षा तरी कोठे आपली शे?"

परीक्षेच्या सकाळी हितेंद्र चालत चर्चपर्यंत गेला, दारातूनच हात जोडून आगाऊ नमस्कार करून आला. मग गाडी निघाली. चर्च दिसू लागलं तसे त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर इतके घट्ट धरले की बोटं पांढरी पडली. चर्च आलं. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या परीक्षकाने लेखणी मांडीवर ठेवली, कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना बोटं लावली आणि पुन्हा लेखणी उचलली.

नंतर फोनवर हितेंद्र मला म्हणाला, "सर, तुमची शपथ, मी काहीही केलं नाही. त्यानेच केला नमस्कार."

"मग तू?"

"मी म्हटलं, गाडी एक, नमस्कार एक झाला. पुरे."

तो पास झाला. शेऱ्यात लिहिलं होतं, चालक फार ताठ बसतो.

त्या संध्याकाळी अक्कांनी गल्लीत पेढे वाटले. हितेंद्रच्या जीपच्या मागच्या पायरीवर उभा राहून 'धुळे, धुळे' ओरडणारा झुलालही आला. पेढा तोंडात टाकून म्हणाला, "अक्का, पंधरा वर्षं मी त्याच्या मागे लटकलो, आणि गाडी येते असं सरकार आज म्हणतंय?"

अक्कांनी त्याच्या हातातला दुसरा पेढा काढून घेतला आणि मला दिला.