आडनाव पुकारा

मी पहिला आलो आणि त्यांनी जमीन धुवायला काढली.

दिघीजवळचा क्लब. गोरे साहेब गेले, पण त्यांनी केलेला सिमेंटचा गुळगुळीत चौक राहिला. त्यावर चाकांचे बूट घालून शर्यती लागायच्या. त्या साली एक शर्यत सगळ्यांना खुली होती. मी पिंपरीच्या कारखान्यात फिटरच्या हाताखाली होतो. शेवटच्या वळणावर आतल्या बाजूनं घुसलो आणि क्लबची पोरं मागं टाकली. टाळ्या पडल्या. थोड्याच. मी बुटांचे पट्टे सोडतोय, तोवर माळी बादल्या घेऊन आला.

"धूळ फार झालीय," क्लबचे सेक्रेटरी म्हणाले. माझ्याकडे न बघता.

पाणी वाळेपर्यंत पुढची शर्यत थांबवली. ती क्लबच्याच पोरांची. ती संपल्यावर कुणी बादली आणली नाही. धूळ तेवढीच होती.

आमची वस्ती गावाबाहेर. विहिरीवर आम्हाला का चढू देत नाहीत, ते लहानपणीच कळलं होतं. पण सिमेंटलाही बाट लागतो? वाटलं, खरंच धूळ असेल. आपलंच मन संशयी. मग रात्रंदिवस तेच. धूळ की मी?

शर्यत सोडली नाही. पिंपरीत इक्बालभाईचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. माझे बूट त्यानंच जोडलेले, मोटारीचे जुने बेअरिंग बसवून. सुट्टीच्या दिवशी कारखान्यासमोरच्या नव्या सडकेवर तो माझा सराव बघायचा. मी आपटलो की ओरडायचा, "गिरा तो गिरा. उठ, भावा!" गुडघ्यांना कातडं राहिलं नाही. पण वळण पायात बसलं.

पुढच्या साली मी पुन्हा पहिला आलो. मग एक दिवस सेक्रेटरी स्वतः कारखान्याच्या गेटवर आले. पुण्यात मोठी शर्यत होती. म्हणाले, "आमच्या क्लबाकडून तू उतर." नवे विलायती बूट दिले. खांद्यावर हात ठेवला.

खांदा ताठ झाला माझा. हा हात कशासाठी?

घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "गोड बोलत्यात म्हंजी कायतरी हाय. इचारून घे."

मी सेक्रेटरींना विचारलं.

"काही नाही रे. फक्त आडनाव आमच्यातलं लावू. लोक जुन्या वळणाचे आहेत. तुझंच भलं आहे त्यात."

मी काही बोललो नाही. त्यांनी तो होकार धरला.

पुण्याला जाताना माझे जुने बूटही पिशवीत टाकले. इक्बालभाई सोबत होता. मैदान भरलेलं. लाऊडस्पीकरवर एकेक नाव पुकारत होते. माझं नाव आलं. त्याला जोडलेलं आडनाव परक्याचं. माझ्या बापाला त्या आडनावाच्या घरी उंबऱ्याबाहेर उभं करायचे.

मी जागचा हललो नाही.

सेक्रेटरी जवळ आले. हळूच म्हणाले, "अरे, तुलाच बोलावतायत."

"मला न्हाई. ते नाव माझं न्हाई."

विलायती बूट काढले, त्यांच्यासमोर ठेवले. माझे घातले. तसाच पंचांकडे गेलो. माझं नाव, बापाचं नाव, आडनाव. मोठ्यानं सांगितलं.

"क्लब कोणता?" पंचांनी विचारलं.

"कोणताच न्हाई."

पंचांनी सेक्रेटरींकडे बघितलं. सेक्रेटरी जमिनीकडे बघत होते. मग माझं आडनाव पुकारलं गेलं. जसंच्या तसं. मैदानात कुजबुज उठली. ती मी ऐकली, सबंध.

त्या दिवशी मी हरलो. वळणावर दोघांनी मिळून कठड्यावर दाबलं. कोपर फुटलं. पंचांना दिसलं नाही म्हणे. आता मी विचारत बसलो नाही, चुकून की मुद्दाम. मला माहीत होतं.

पुढच्या साली तीच शर्यत जिंकली. त्याच्या पुढच्याही साली. पेपरात छापून आलं तसे सेक्रेटरी पुन्हा गेटवर हजर. हातात हार.

"क्लबात तुझा सत्कार ठेवलाय. तू आमचाच. झालं गेलं विसर."

मी हार घेतला नाही. म्हणालो, "मी तुमचा नव्हतो. होणार न्हाई. तुमची पोरं जिथं उतरतील तिथं मी उतरणार. माझ्या आडनावानं. ते पुकारलं न्हाई, तर शर्यत सुरू होऊ देणार न्हाई."

शिफ्टचा भोंगा झाला. मी आत गेलो.