वनमालाच्या हातचं रुखवत

लग्नाच्या हॉलमध्ये अक्षता पडायच्या आधी बायकांची खरी गर्दी स्टेजपाशी नसते, ती असते रुखवताच्या टेबलाशी. मुलीकडच्यांनी हाताने केलेल्या शोभेच्या वस्तू तिथे मांडलेल्या असतात आणि मुलीची एखादी मावशी राखणीला उभी असते. कोणी विचारो न विचारो, ती सांगत राहते, "सगळं आमच्या मुलीने केलंय हो, नोकरी सांभाळून." आता ज्या मुलीला सकाळी धड वेणी घालायला वेळ नाही, तिने सुपाऱ्यांना नऊवारी कधी नेसवली, हे विचारायचं नसतं. तशी रीतच आहे.

बोरीवलीतल्या कितीतरी मुलींच्या सुपाऱ्यांना नऊवारी नेसवणारी बाई म्हणजे वनमाला तावडे. पूर्वेला, नॅशनल पार्कच्या बाजूला तिच्या दोन खोल्या. सासरे गिरणीत होते, नवरा मधुकर कुरिअरच्या ऑफिसातून रिटायर झालेला. सुपारीचे नवरा-नवरी, लवंगांचे वाजंत्री, आणि काजूच्या नाकाचा, छत्री धरून उभा असलेला मामा. मामाचा तो रुबाब सबंध मुंबईत कोणाला जमायचा नाही.

धंदा सगळा झाकूनपाकून. गिऱ्हाईक यायचं ते दुपारी, सोसायटी झोपलेली असताना, आणि जायचं चादरीखाली लपवून. एका बाईने तर रुखवत टीव्हीच्या खोक्यातून नेलं. शेजारणीने नव्या टीव्हीबद्दल पेढे मागितले, आणि बिचारीला पुढच्या महिन्यात खरोखरचा टीव्ही आणावा लागला. वनमालाने कधी कोणाचं नाव सांगितलं नाही, की वस्तूवर स्वतःचं घातलं नाही. आपल्या नावाची चिठ्ठी सापडली तर पोरीची सासरी शोभा होईल, एवढं तिला कळत होतं.

मग तिची भाची रुचिरा, भावाची मुलगी, हिने हट्टाने वेबसाइट काढून दिली. मजकूर वनमालानेच सांगितला. "मुलीला वेळ नाही म्हणून तिचं कौतुक का चुकावं? आम्ही करतो, तुम्ही मांडा. बाहेर कोणाला कळणार नाही, माझ्या सासूची शपथ." रुचिरा म्हणाली, "आत्या, शपथ काढ ना, कसं दिसतं ते." वनमाला म्हणाली, "राहू दे गं. बायकांना पटतं ते." आणि पटलं. ठाण्यापासून विरारपर्यंतचे फोन सुरू झाले.

वर्षभरातच अंधेरीच्या कोणा हर्षदने नवी वेबसाइट काढली. नाव काय, तर न्यू वनमाला रुखवत. रुचिराने मोबाइल आत्यापुढे धरला. तेच रंग, तेच फोटो, तोच मजकूर. शेवटी सासूची शपथसुद्धा. चौकशी केली तर गड्याचं लग्नच झालेलं नव्हतं.

मधुकरने चष्मा लावून एक फोटो निरखला. ताटाच्या कडेला त्याचा स्वतःचा अंगठा दिसत होता.

"गे, माझो आंगठो थंय कसो गेलो?"

"आंगठोच न्हय, सगळा घर नेल्यान," वनमाला म्हणाली.

तिने हर्षदला फोन लावला. पोरगा गोड बोलायचा. "मावशी, रागावू नका ना. वनमाला म्हणजे फुलांची माळ, ते काय तुमच्या एकटीचं आहे का? आणि सुपारीला साडी काय तुम्ही पहिल्यांदा नेसवली?"

"फोटो माझे आहेत रे."

"फोटोत तुमचं नाव कुठेय, मावशी?"

नाव नव्हतंच. ते घालायचं नाही, हाच तर तिचा नेम. हर्षदचा माल मशीनवर कापलेल्या पातळ लाकडाचा, भाव कमी, जाहिरात भरपूर. बघता बघता फोन आटले. जे आले ते टोमणे मारणारे. एक बाई म्हणाली, "त्या न्यूवाल्यांचे फोटो का हो चोरलेत तुम्ही? या वयात?" त्या दिवशी वनमाला जेवली नाही. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्तांचा मोसम तोंडावर आला होता. तो गेला की हातावर हात ठेवून बसायचं, हे तिला दिसत होतं.

रुचिराने वेबसाइटच्या कंपनीकडे तक्रार केली. पण तिने स्वतःच दिवाळीत वेबसाइट नव्याने चढवली होती, त्यामुळे आत्याच्या फोटोंना नवी तारीख आणि चोराच्या फोटोंना जुनी. मूळ फोटो मधुकरच्या जुन्या फोनमध्ये, आणि तो फोन नव्याच्या बदल्यात दुकानदाराला दिलेला. मधुकरचा अंगठा त्यांनी मानला नाही. उत्तर आलं, हे काम तुमचंच आहे असं जुन्या गिऱ्हाइकाकडून लिहून आणा.

"एक बाई पुरे, आत्या. फक्त एक," रुचिरा म्हणाली.

वनमालाने फोन करून पाहिले. कोणी म्हणालं राँग नंबर, कोणी म्हणालं नंतर बोलते, शेजारी सासूबाई आहेत. शेवटी ती मुलुंडला सुनंदाताईंकडे गेली. बँकेतल्या मोठ्या अधिकारी, निर्भीड बाई. त्यांच्या मुलीच्या, शर्मिष्ठाच्या लग्नातलं रुखवत हे वनमालाचं सगळ्यात देखणं काम, आणि त्याचाच फोटो हर्षदच्या पहिल्या पानावर.

सुनंदाताईंनी चहा दिला, खारी दिली, सगळं ऐकून घेतलं. चोर कसा नालायक आहे तेही सांगितलं. मग आवाज खाली आणला.

"वनमालाबाई, शर्मिष्ठाच्या सासूबाईंनी ते रुखवत काचेच्या कपाटात ठेवलंय. येईल त्याला दाखवतात, सुनेच्या हातचं म्हणून. मी लिहून दिलं आणि ते कुठे नेटवर दिसलं, तर माझ्या पोरीने त्या घरात तोंड कुठे लपवायचं?"

"नाव छापणार नाहीत हो, ताई."

"त्या रुखवताचे फोटोही बाहेर जाणार नव्हते ना? तरी गेलेच की."

खारीचा भुगा ताटलीत तसाच राहिला. निघताना सुनंदाताई दारापर्यंत आल्या. "अहो, एक राहिलंच. शर्मिष्ठाच्या नणंदेचं लग्न ठरलंय. ते लोक म्हणतायत, वहिनीच रुखवत करणार. आता तिला कुठलं येतंय? तुम्ही कराल ना? गुपचूप?"

वनमाला हो म्हणाली. त्या मोसमातलं तिचं तेवढंच काम.

त्यानंतर मधुकरच्या मावसभावाच्या मुलीचं, प्रांजलचं लग्न आलं, घाटकोपरच्या हॉलमध्ये. वनमाला टेबलापाशी गेली आणि थबकली. तिचंच रुखवत, पण जसं काही आजारातून उठलेलं. नवरा-नवरी पातळ लाकडाची, साड्या रंगवलेल्या कागदाच्या, मामाचं नाक घसरून मिशीवर आलेलं. माल हर्षदचा, हे तिने लांबूनच ओळखलं.

गर्दीतली एक नात्यातली बाई म्हणाली, "वनमाला, तू करतेस ना गं असलं? हे विकतचं दिसतंय. खरं सांग."

चार बायका वळल्या. वरमाई दोन हातांवर होती. शालू नेसलेल्या प्रांजलचा चेहरा उतरला. वनमाला एक शब्द बोलली असती तर हर्षदचं पितळ तिथेच उघडं पडलं असतं, सगळ्यांच्या देखत. इतके दिवस ती साक्षीदार शोधत होती, आणि आज कान टवकारलेल्या बायकांची रांगच समोर उभी.

"विकतचं कुठलं?" वनमाला म्हणाली. "गोंद वाळायच्या आत उचललंय, म्हणून नाक सरकलं. हाताने करणाऱ्याचंच असं होतं. विकतचं कसं चोख असतं."

वरमाईने मान डोलावली. बायका जिलबीकडे वळल्या.

पंगत उठल्यावर प्रांजलची आई तिला खांबाआड घेऊन गेली आणि तिचे दोन्ही हात धरले. "वहिनी, लाज राखलीत. तुमच्याच वेबसाइटवरून मागवलं मी. आधी सांगितलं नाही, म्हटलं नात्यात भावाची घासाघीस नको."

वनमालाने मान वळवून पाहिलं. खांबापलीकडे वरमाई हात पुसत उभी होती.

"पण एक सांगू का? रागावू नका," प्रांजलची आई म्हणाली. "तुमचं काम पहिल्यासारखं राहिलं नाही हो."

"वय झालं," वनमाला म्हणाली, आणि मधुकरला शोधायला निघाली.