वेलीत लपवलेला आकडा

नव्वदच्या दशकात आम्ही नाशिकरोडला एका तीनमजली इमारतीत राहत होतो: थोरला भाऊ, वहिनी आणि मी. इमारतीत सहा बिऱ्हाडं होती आणि त्यांचे धर्म वेगवेगळे होते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वहिनी जिन्यासमोरच्या फरशीवर बाजाराचं मोठं चित्र रांगोळीने काढायची आणि त्यात प्रत्येक घराची एक खूण लपवायची. पतंगाच्या कामट्यांमध्ये पहिल्या मजल्यावरच्या नर्सबाईंचा क्रूस असे. झेंडूच्या फुलात रेल्वेतल्या कारकुनांचं धम्मचक्र, समईच्या ज्योतीत देवळालीहून निवृत्त झालेल्या सुभेदार सरदारजींचा खंडा. आमची गुढी एका वर्षी भाजीवालीच्या तागडीमागे उभी होती आणि ती भावाला शेवटपर्यंत दिसली नाही.

ज्याची खूण त्यानेच शोधायची, असा नियम होता. सापडली की बोट दाखवायचं नाही, वहिनीच्या कानात सांगायचं. मग ती हातावर अनारसा ठेवायची.

समोरच्या घरात आपा राहत. मूळच्या सिन्नरच्या. त्यांचे यजमान लासलगावहून कांद्याचे ट्रक भरून पाठवत. आपांसाठी वहिनी ईदचा चंद्र काढायची. कधी कलिंगडाच्या फोडीत, कधी बैलाच्या शिंगात. आपांना तो जिना उतरता उतरताच दिसायचा. एका दिवाळीला अनारसा खाता खाता त्यांनी वहिनीला चिडवलं.

"भाभी, तुमचा चंद्र लय लांबून दिसतो. पुढच्या साली जरा अवघड काढा."

वहिनीने ते मनावर घेतलं. त्यांच्या यजमानांच्या ट्रकच्या काचेवर आणि त्यांच्याकडच्या लग्नपत्रिकांच्या माथ्यावर तिने सातशे शहाऐंशी हा आकडा पाहिला होता. आपण पत्रिकेवर 'श्री' लिहितो तसाच हा शुभ आकडा, एवढं तिला माहीत होतं. तो अल्लाच्या नावासाठी लिहितात, हे तिला माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी तिने द्राक्षाच्या वेलीच्या वळणांमध्ये ते तीन अंक गुंफले. वेल रांगोळीच्या कडेने, जिन्याच्या पायरीला लागून गेली होती. काम इतकं सफाईचं होतं की माहीत असूनही मला ते अंक पुन्हा शोधावे लागले.

संध्याकाळी सगळे खाली जमले. बाकीच्यांच्या खुणा सापडल्या. आपा चंद्रच शोधत होत्या आणि तो नव्हता. सुभेदारांनी त्यांना चष्मा आणायला सांगितलं, नर्सबाईंनी हार मानायला. आपा हसत हसत रांगोळीभोवती फिरत होत्या. पायरीजवळ आल्या, खाली वाकल्या आणि तशाच थांबल्या. त्यांची चप्पल वेलीच्या टोकावर होती. त्या मागे सरल्या आणि चपला काढून बाजूला ठेवल्या.

"सापडलं ना?" वहिनी म्हणाली. "या, कानात सांगा."

आपा आल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "भाभी, हे खाली नसतं काढायचं."

"अहो, लक्ष्मीची पावलंसुद्धा आम्ही खालीच काढतो."

"तुमचं येगळं हाय."

वहिनीने समजूत घालण्यासाठी ते म्हटलं होतं. जमिनीवर काढणं हा तिच्या लेखी मानच होता. येणाऱ्याच्या पायाने रांगोळी थोडी विस्कटली तर तिला बरंच वाटायचं. ऐकणाऱ्यांना मात्र तो वाद वाटला. वहिनी घाईने गुडघ्यांवर बसली आणि तळहाताने ते अंक पुसून टाकले. कोणाचा पाय पडू नये म्हणून तिने पुसले. आपांनी तिला थांबवायला हात पुढे केला होता. त्यांच्या देखत ते नाव पुसलं जात होतं. मग त्यांनी पुठ्ठ्याचा तुकडा मागून घेतला, विस्कटलेली रांगोळी त्यावर गोळा केली आणि ओढणीच्या टोकात बांधून वर नेली. दुसऱ्या दिवशी यजमानांनी ती वालदेवी नदीच्या पाण्यात सोडल्याचं नंतर कळलं.

भांडण झालं नाही. ईदला शीरखुर्मा आला, दिवाळीला फराळ गेला. पण पुढच्या दिवाळीत वहिनीने ठिपक्यांची रांगोळी काढली. कारकुनांनी बाजाराचं काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा कंबर धरल्याचं कारण दिलं. आपा खाली आल्या, बराच वेळ रांगोळीकडे पाहत राहिल्या. यंदा काही लपवलं नाही का, असं त्यांनी विचारलं. वहिनी नाही म्हणाली. आपांनी मान डोलावली. वहिनीला वाटलं, त्यांना हेच हवं होतं. त्यानंतरची सगळी वर्षं ठिपकेच राहिले.

दोन हजारनंतर आपांच्या मुलाने नाशकातच वडाळा रस्त्याला घर घेतलं आणि ते कुटुंब तिकडे गेलं. एका ईदला मी त्यांच्याकडे गेलो. आपांनी वहिनीची चौकशी केली. मग आपणहून तो विषय काढला.

"मला आकडा तेवढा नको होता," त्या म्हणाल्या. "चंद्र चालला असता. नंतरबी दर दिवाळीला मी ठिपक्यांत शोधायची. म्हटलं, भाभी चिडवत असतील, काढला असंल कुठंतरी."

घरी येऊन मी वहिनीला ते जसंच्या तसं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मग त्या बोलल्या का नाहीत, असं तिने विचारलं. हातातली जुडी निवडून झाल्यावर ती म्हणाली, "मी तरी कुठं विचारलं त्यांना."

त्यानंतर दोघी एकदाच भेटल्या, सुभेदारांच्या नातीच्या लग्नात. शेजारी बसून जेवल्या. गुडघे, सुना, वडाळ्याकडचं पाणी यांवर बोलणं झालं. निघताना आपांनी वहिनीचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. रांगोळीबद्दल दोघींपैकी कोणीच काही बोललं नाही. पुढच्या हिवाळ्यात आपा गेल्या.